आगांची पाठ

आगांशी माझं पहिलं बोलणं झालं ते त्यांच्या पाठीशी.

कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या त्यांच्या घराची बेल मी वाजवली. दार उघडलं, एक उंच म्हातारे गृहस्थ दिसले न दिसले, तोच ते वळून आत चालू लागले. मी दारातच उभी राहिले. पाठीवर एक बॅग, हातात दुसरी, आणि ट्रॅममध्ये घोकत आणलेलं एक इंग्रजी वाक्य, की मी खोलीची जाहिरात वाचून आले आहे. ते वाक्य मी त्यांच्या पाठीला म्हणून दाखवलं. पाठ थांबली. रुंद, ताठ, मानेवरचे पांढरे केस एका रेषेत कापलेले.

"दिसली?" त्यांनी न वळता विचारलं.

"काय?"

"असू दे. हळूहळू दिसेल."

मग ते स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास घेऊन आले आणि मी तो संपवेपर्यंत समोर उभे राहिले. मी अर्धा ठेवायला गेले तर म्हणाले, "पूर्ण." पूर्ण झाल्यावर म्हणाले, "आता तू वळ." मी घाबरत वळले. "बॅग दोन्ही खांद्यांवर घेतेस. म्हणजे भांडी घासून ठेवशील. एका खांद्यावर घेणारे सिंकमध्ये सोडून जातात. खोली तुझी."

त्या घरात आधीपासून राहणारी मधुरा, मूळची पुण्याची, एका सरकारी खात्यात आयटीचं कॉन्ट्रॅक्ट करणारी, बॅग एकाच खांद्यावर घ्यायची. तुला खोली कशी मिळाली, असं मी तिला नंतर विचारलं. "त्या आठवड्यात दुसरं कुणी आलंच नव्हतं," ती म्हणाली. तिची भांडी सिंकमध्येच असायची, हेही इथे लिहिलं पाहिजे.

आगा हे त्यांचं नाव नव्हे. इराणमध्ये वडीलधाऱ्या पुरुषाला असं म्हणतात. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही, कारण ज्या कामात नाव पडद्यावर येत नाही तेच काम मोठं, असं त्यांचं मत होतं आणि ते मत त्यांनी मला निदान पन्नास वेळा ऐकवलं होतं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून कॅनबेराला सोशल वर्क शिकायला आले होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे कुणी मोठ्या माणसाने काही सांगितलं की ते वहीत उतरवून घ्यायची मला सवय होती. युनिव्हर्सिटीत लेक्चररनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की पानावर दोन रकाने करा. डावीकडे जे पाहिलं ते, उजवीकडे जे वाटलं ते. आगांच्या बाबतीत माझा उजवा रकाना भरून वाहायचा आणि डाव्यात एवढंच असायचं: पाठ सरळ आहे.

ती पाठ सिनेमातली होती.

करबलावरचा एक ऐतिहासिक सिनेमा, फारसीतला. प्रेषितांच्या नातवाला, त्यांच्या घरच्यांना, लहान मुलांना वाळवंटात नदी समोर असूनही पाणी मिळू दिलं नाही, आणि शेवटी त्यांना मारलं. मोहरम त्याच दुःखाचा. अशा सिनेमात त्या पूज्य माणसाचा चेहरा दाखवत नाहीत. कुठल्या नटाने तो चेहरा व्हायचं? म्हणून कॅमेरा मागे राहतो. पाठ दिसते, खांद्यावरचं वस्त्र दिसतं, कधी हात, कधी नुसता उजेड.

"ती पाठ," आगा म्हणायचे आणि थांबायचे. उरलेलं वाक्य पूर्ण करायला ते उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे.

त्या वेळी ते एका लहान गावात कापडाच्या दुकानात नोकरीला होते. सिनेमावाले पोशाखांसाठी कापड घ्यायला आले. वरच्या फळीवरचा तागा काढायला आगा शिडीवर चढले, आणि खालून दिग्दर्शक ओरडला, "उतरू नका! तिथेच राहा!" अर्धा तास ते शिडीवर होते. खाली उतरले तेव्हा त्यांना काम मिळालेलं होतं.

"बोलायचात पण तुम्ही सिनेमात?" मी विचारलं.

"आवाज दुसऱ्याचा."

"घोड्यावर?"

"घोड्यावर तिसराच. उभी पाठ माझी."

मधुरा पोळी तव्यावर टाकत मराठीत म्हणाली, "चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही. अगं, असल्या पिक्चरमध्ये तर मीपण आहे."

पण पाठीची निगा त्यांनी अजूनही ठेवली होती. सोफ्यावर ते कधी टेकले नाहीत. दिवाणखान्यात त्यांचं एक स्टूल होतं. मॉलमधल्या न्हाव्याला त्यांचं सांगणं असे, "पुढचं तुझ्या मनाने, मागचं माझ्या." आणि ते दोन आरसे घरून घेऊन जायचे. टीव्हीवर मंत्री बोलत असले की आवाज बंद. बोलणं संपवून मंत्री पत्रकारांकडे पाठ करून निघाले, की आगा पुढे सरकून बघायचे. "खांदे पडले. हा राजीनामा देणार." निदान दोनदा तरी ते बरोबर निघालं. मधुरा म्हणायची, आमच्या खात्यातल्या सल्लागारांपेक्षा आगा बरे, ते अहवाल लिहीत नाहीत.

दुसरी त्यांची खोड पाण्याची. फाटकाशी, टपालपेटीच्या शेजारी, एका लाकडी टेबलावर त्यांनी तोटीचा निळा पिंप ठेवला होता, बाजूला कप, आणि हाताने रंगवलेली पाटी: 'पाणी. घ्या. कृपया घ्या.' पोस्टमन, शाळेतून येणारी मुलं, कुत्री फिरवणारी माणसं, समोरच्या घराचं छप्पर बदलणारे कामगार, सगळ्यांनी प्यायचं. जो न पिता जाईल त्याच्यामागे आगा कप घेऊन चालत जायचे. एका शेजाऱ्यांनी, ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले होते, याविरुद्ध चार पानी तक्रार केली. मग एक अधिकारी फॉर्म घेऊन आला. हा व्यवसाय आहे, समारंभ आहे, की आपत्कालीन सेवा?

"पाणी आहे," आगा म्हणाले.

फॉर्ममध्ये तसा चौकोन नव्हता. अधिकाऱ्याने विचार केला, दोन कप पाणी प्यायला, आणि 'बागेतली सजावट' यावर खूण करून गेला.

कॅनबेराच्या हिवाळ्यात सकाळी पिंपावर बर्फाची पापडी धरायची. त्या थंडीत कोण पाणी पिणार होतं? पण आगा झोपण्याच्या झग्यावर कोट चढवून, हातात चमचा घेऊन, ती पापडी फोडायला जायचे. जुलैत एका सकाळी ते तिथेच घसरले. हाड मोडलं नाही, पण कपाळाला तीन टाके पडले. पडले ते पाठीवर नाही, तोंडावर, याचा त्यांना अभिमान होता.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. बिघडलं ते आमच्यामुळे, म्हणजे मराठी माणसांमुळे.

मराठी मंडळाची एकांकिका स्पर्धा होती आणि मेलबर्नहून येणारे पाहुणे ऐनवेळी येईनासे झाले. मधुरा मीटिंगमध्ये सहज म्हणाली, आमचे घरमालक इराणी सिनेमातले नट आहेत, त्यांना बोलवा. "मी चेष्टा केली होती गं," ती नंतर म्हणाली. "सेक्रेटरींनी ती मिनिट्समध्ये घेतली." आठ दिवसांत पत्रिका आली: 'प्रमुख पाहुणे व परीक्षक, आंतरराष्ट्रीय कीर्तीचे ज्येष्ठ चित्रपट कलावंत.'

आगांना मराठीतलं 'पाणी' सोडून काही येत नव्हतं. तरी त्यांनी पाचही एकांकिका स्टुलावर ताठ बसून पाहिल्या आणि पहिलं बक्षीस एका अशा मुलाला दिलं, जो वाक्यं विसरला म्हणून दहा मिनिटं प्रेक्षकांकडे पाठ करून उभा होता. "हा एकटाच खोटं बोलला नाही," त्यांनी कारण सांगितलं. सेक्रेटरींनी त्याचं मराठीत भाषांतर केलं, 'अभिनयातला संयम.' मग शाल आली, नारळ आला. फोटोसाठी सगळे ओळीने उभे राहिले, फोटोग्राफर म्हणाला "स्माइल", आणि आगा वळले.

तो फोटो मंडळाच्या फेसबुक पानावर लागला. वीस मराठी माणसं हसतायत आणि मधोमध शाल पांघरलेली एक पाठ. खाली त्यांचं पूर्ण नाव, आणि करबलाच्या सिनेमात त्या पूज्य भूमिकेत असल्याची माहिती. कुणाकुणाच्या फोनवरून फिरत तो आगांच्या मुलीपर्यंत पोहोचला.

शिरीन दर रविवारी यायची. पंचेचाळिशीची असेल. सरकारी नोकरीत होती, लोकांच्या अर्जांना जोडलेले कागद खरे की खोटे हे बघणं तिचं काम. ती डब्यांवर चिठ्ठ्या लावून जेवण आणायची, 'सोमवार', 'मंगळवार', आणि स्वतःच्या पाण्याची स्टीलची बाटली बरोबर ठेवायची. आगा तिच्यापुढे ग्लास ठेवायचे. ती म्हणायची, "माझं आहे, बाबा." ग्लास तसाच राहायचा, आणि ती गेल्यावर आगा ते पाणी गुलाबाला घालायचे.

त्या रविवारी तिने फोन टेबलावर ठेवला. "बाबा, हे काय आहे? तुम्ही लोकांना सांगता की तुम्ही त्यांची भूमिका केली? कागद कुठाय? करारपत्र? एखादा फोटो?"

"माझं नाव घालायची पद्धतच नव्हती."

"आईने मला कधी सांगितलं नाही."

"तुझी आई म्हणायची, तुझ्या बाबांची पाठ चांगली आहे."

शिरीनने मला बाहेर बोलावलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "ते बर्फात पडले. आता ही गोष्ट भर सभेत सांगतायत. मला वाटतं त्यांना खरं काय ते कळेनासं झालंय. मंगळवारच्या पुढच्या मंगळवारी असेसर येईल, म्हातारी माणसं घरी राहू शकतात का ते तपासणारी सरकारी बाई. तिने तसं ठरवलं तर त्यांना तिकडे हलवावं लागेल." तिकडे म्हणजे तळ्याकाठच्या एका वृद्धाश्रमात. माहितीपत्रकात सगळे म्हातारे सोफ्यावर टेकून हसत होते. "तू रोज त्यांना बघतेस. एवढं भर."

घरातल्या माणसाने भरायचा तो फॉर्म होता. अकरावा प्रश्न: 'वास्तवाला धरून नसलेल्या समजुती आहेत का? हो. नाही. माहीत नाही.' बाकीचे प्रश्न मी त्याच दिवशी भरले. अकराव्यापाशी मी आठवडाभर पेन टेकवून उचलत राहिले. 'हो' लिहिलं तर आगांचं घर जाणार. 'नाही' लिहायला माझ्याकडे काय होतं? डाव्या रकान्यात अजून तेवढंच: पाठ सरळ आहे.

त्याच दिवसांत एकदा मी त्यांना आमच्या गावचा मोहरम सांगितला. आमच्याकडे हिंदू-मुसलमान मिळून ताबूत उचलतात, एका पंज्याचा मान आमच्या घराकडे आहे, माझे वडील अनवाणी चालतात. घरोघरी चोंगे करतात, गुळाचे. आणि रस्त्यावर सरबताचे पिंप ठेवतात.

आगा स्टुलावरून उठले. "पिंप? कोण पितं?"

"येईल तो. सगळेच."

"ज्यांनी पाणी अडवलं, त्यांनाही देतात?"

मला हसू आलं. "आगा, आमच्या गावात तसं कुणी नसतं. सगळे वाटणारेच असतात."

"सुखी गाव आहे, खानूम," ते म्हणाले. मला ते खानूम म्हणायचे, म्हणजे बाईसाहेब. मग ते फाटकाशी गेले. पिंप भरलेला होता तरी ते पुन्हा भरत राहिले आणि पाणी टेबलावरून वाहत राहिलं. हे मी डाव्या रकान्यात लिहिलं. उजव्यात काय लिहायचं ते कळलं नाही.

आणि मग मला वाटलं की उपाय सोपा आहे. सिनेमा शोधायचा. कागद नाही तर सिनेमा. शिरीनला पुरावा हवा होता, मी पुरावा आणणार होते. आगांना विचारावं, असं माझ्या मनातच आलं नाही. त्यांच्याच भल्याचं होतं ना!

इराणी किराणा दुकानाच्या बाईंना मी सिनेमाचं वर्णन सांगितलं. त्यांनी लगेच ओळखला. "दर वर्षी दुखवट्याच्या दिवसांत लागायचा टीव्हीवर. आम्ही सगळी रडायचो. आणि तो नदीवरचा मेला, पाणी ओतून हसणारा! लहानपणी मी टीव्हीला चप्पल मारली होती. आई मला रागावली नाही, तिने दुसरी दिली." त्यांच्या भाच्याने मला लिंक पाठवली.

रविवारी दुपारी मी दिवाणखान्यात लॅपटॉप टीव्हीला जोडला, शिरीनला बसवलं, आणि आगांना हाक मारली. पडद्यावर फारसी अक्षरं बघून ते दारातच थांबले.

"हे नको," ते म्हणाले.

"आगा, हाच ना? मी शोधला. आता सगळ्यांना पटेल."

"प्रिंट खराब असते याची."

"चांगली आहे. भाच्याने—"

"खानूम," ते म्हणाले. शिरीन त्यांच्याकडे बघत होती. ते येऊन सगळ्यांच्या पुढे, टीव्हीजवळ स्टुलावर बसले. त्यामुळे आम्हाला आधी त्यांची पाठ दिसत होती आणि तिच्यापलीकडे सिनेमा.

खाली इंग्रजी पट्ट्या नव्हत्या. शिरीन भाषांतर करत होती, खात्यातलं पत्र वाचून दाखवावं तसं. "ते म्हणतायत आपण इथे थांबू. हे म्हणतायत इथे नको." वाळू, उंट, तंबू. आणि मग ती पाठ आली. पांढरं वस्त्र, बाजूने उजेड, समोर माणसं माना खाली घालून उभी. मी पडद्यावरच्या पाठीकडे बघितलं, मग स्टुलावरच्या. पुन्हा पडद्यावरच्या.

"अगं, ही कुणाचीही असू शकते," मधुरा माझ्या कानात म्हणाली.

मला तेच वाटत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

मग नदी आली. काठावर सैनिकांची रांग. तंबूतून मुलं रिकामी भांडी घेऊन येतात. रांगेतला एक सैनिक पुढे होतो, चामड्याची पखाल उघडतो, मुलांना जवळ बोलावतो, आणि पाणी सावकाश वाळूवर ओततो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. तो हसतो. सगळा पडदा त्याच्या चेहऱ्याने भरतो.

शिरीनचं भाषांतर थांबलं.

तो चेहरा मी दर रविवारी बघत होते. मिशा काढल्या की ती शिरीनच होती. तेच नाक, आणि माझा अर्धवट फॉर्म बघून जशी मघाशी तिची उजवी भुवई वर गेली होती, तशीच वर गेलेली भुवई. मधुराने घाईघाईने लॅपटॉपचं बटण दाबलं. नेमकं चित्र तिथेच थांबलं, हसतं.

"बाबा," शिरीन म्हणाली.

आगा वळले नाहीत. पडद्याकडे बघतच बोलले, आणि इंग्रजीत बोलले, म्हणजे ते आम्हा तिघींसाठी होतं.

"गावात सिनेमा लागला. रोटीवाल्याच्या खिडकीशी माझी पाळी आली की तो खिडकी लावून घ्यायचा. मला त्याचा राग नाही. त्याला माहीत होतं की हा सिनेमा आहे. माझ्या आईलाही माहीत होतं. ती मला जेवायला वाढायची, माझे कपडे शिवायची. फक्त माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. मी ग्लास ठेवायचो, ती उठून स्वतःचं घ्यायची. एक वर्ष."

"मग?" मी विचारलं. मला गप्प बसता आलं नाही.

"मग वारली."



"आणि पाठ?" शिरीनने विचारलं. "ती खोटी होती?"

"पाठ माझी. सकाळी पाठ, दुपारी हे. त्या उन्हात माणसं कुठून आणणार? पाठीचं कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. तिथे मी सांगितलं नाही. इथे आल्यावर सांगितलं, कारण दोन्हींपैकी तुला एकच सांगायचं होतं."

मधुराला राहवलं नाही. तिचं बोट अजून त्या बटणावर होतं. "पण आगा," ती म्हणाली, "म्हणजे सिनेमात तुम्हीच तुम्हाला पाणी दिलं नाही?"

मी तिला चिमटा काढला. आगांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. ते वळले तेव्हा रडत होतेच, पण हसतही होते. "इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "आणि सांगितलं कुणी, तर एका खांद्यावर बॅग घेणारीने!"

शिरीन हसली नाही. तिने बाटली उचलली आणि गेली. डबे द्यायचे राहिले, ते गाडीतच होते. सोमवारचं जेवण आम्ही केलं. मी आगांची माफी मागितली. ते म्हणाले, "तू पुरावा शोधलास. पुरावा सापडला." यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मंगळवारी असेसर आली. आगांनी तिला पाणी दिलं, "पूर्ण" म्हणाले, ती पूर्ण प्यायली आणि तिने ते लिहून घेतलं. शिरीन तिच्या मागोमाग आली आणि कुणाकडे न बघता टेबलाशी बसली. समोर बाटली. आगांनी वार सांगितला, महिना सांगितला, शंभरातून सात सात वजा केले. मग असेसरने कोरा कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. आगांनी मन लावून काढलं. एक गोल, वर खिळ्याचं भोक, मधे सेलचा कप्पा.

असेसरचं पेन थांबलं.

"ही मागची बाजू आहे," मी कसंबसं म्हणाले. "चुकीची नाही. मागची आहे."

"बाबा," शिरीन पहिल्यांदा बोलली. "पुढची."

आगांनी तिच्याकडे बघितलं. कागद उलटला आणि पुढची बाजू काढली. अकरा वाजून दहा मिनिटं, आकडे बरोबर, काटे बरोबर.

मग असेसरने माझा फॉर्म काढला. अकराव्या प्रश्नात मी 'नाही' वर खूण केली होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'त्यांचा चेहरा मी पाहिला. पाठीबद्दल त्यांनी सांगितलं ते खोटं मानायला मला कारण दिसलं नाही.' तिने ते वाचलं. "पण तुमच्या अर्जात वेगळं आहे," ती शिरीनला म्हणाली. "त्या सिनेमात काम केल्याचा यांना भ्रम आहे, असं तुम्ही लिहिलंय."

"तो अर्ज लिहिला तेव्हा मी सिनेमा पाहिला नव्हता," शिरीन म्हणाली. "आता पाहिला. ते आहेत त्यात."

"ओळखू येतात?"

"समोरून येतात." कागदाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी ती बाई थोडी थांबली. "मागूनही येतात."

असेसरने काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. आठवड्यातून दोनदा मदतीला माणूस, फाटकापर्यंत रबरी चटई, हिवाळ्यात पिंप व्हरांड्यात. घर सोडायची गरज तिला दिसत नव्हती. मी तिला दारापर्यंत सोडून आले. येताना खिडकीतून पाहिलं तर ती फाटकाशी थांबून पिंपातलं पाणी पीत होती.

आत आगांनी शिरीनपुढे ग्लास ठेवला होता, दर रविवारी ठेवायचे तसाच. आणि ठेवून ते खिडकीकडे तोंड करून उभे होते, ती पिते की नाही हे बघावं लागू नये म्हणून. शिरीनने बाटली टेबलाखाली ठेवली. ग्लास उचलला आणि तळापर्यंत प्यायली.

"बाबा, वळा ना," ती म्हणाली. "आणखी हवंय."